2 ऑक्टोबरपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा आणि भोवतालच्या गावा-पाड्यांच्या वतीने, जबाबदार यंत्रणेस जाहीर इशारा.

आम्ही निवेदने दिली. तुम्ही पोच दिली.

त्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत. एका घरात, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून आढ्याला टांगल्या आहेत. खाली ठेवल्या तर उंदीर लागतात. सगळ्यात जुन्या पावतीवरचा शिक्का आता वाचता येत नाही. अर्जाचा मजकूर मात्र आम्हाला पाठ आहे.

पाणी मोजा. माणसे मोजा. नर्सबाई द्या.

मागण्या तीन. दर वर्षी त्याच.

उत्तरही दर वर्षी एकच. तेही तोंडी. लेखी कधीच नाही.

"लोकसंख्या वाढली आहे. यंत्रणेवर ताण आहे."

आज आम्ही या उत्तराला उत्तर देत आहोत. यानंतर निवेदन येणार नाही.

लोकसंख्या वाढली, हे खरे आहे.

2001 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात 13,11,709 माणसे होती. 2011 ला 16,48,295 झाली. दहा वर्षांत 25 टक्क्यांहून अधिक वाढ. त्याच दहा वर्षांत राज्य 16 टक्क्यांनी वाढले.

हा आकडा आम्ही लपवत नाही. त्याचे ओझे आमच्याच घरात आहे.

आजोबाच्या नावावरचे शेत चार भावांत वाटले गेले. चौघांची पोरे मोठी झाली. आता बांध जास्त आणि वावर कमी. बैल वळवायला जागा उरत नाही, अशी वावरे आम्ही कसतो.

जंगल मागे सरकले. त्यात आमचीही कुऱ्हाड होती. सरपणासाठी तोडले, वावरासाठी तोडले. मोहाची झाडे कमी झाली. गुरांना चारा लांब गेला. हेही आम्ही मान्य करतो.

जमीन वाढत नाही. डोंगर वाढत नाही. हे सांगायला आम्हाला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

एप्रिलमध्ये नदीच्या कोरड्या पात्रात या.

वाळूत हात-दीड हात खड्डा उकरलेला असतो. त्याला झिरा म्हणतात. काठाशी बाई बसलेली असते. वाटीने पाणी घेते, फडक्यातून गाळून हंड्यात ओतते. वाटी तळाला लागली की थांबते. पाणी पाझरून वर येईपर्यंत बसून राहते. मग पुन्हा वाटी बुडवते.

तिच्या मागे रांग असते.

उठताना ती तळाला थोडे पाणी ठेवते. मागच्या बाईसाठी. हे तिला कोणत्या परिपत्रकाने शिकवलेले नाही.

मर्यादा म्हणजे काय, हे तिला माहीत आहे. आता ती तुम्हीही ओळखावी, एवढेच म्हणणे आहे.

हिशोब मांडू.

जिल्ह्याच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. हा साठा लहान असतो. पावसाळ्यात भरतो, उपशाने संपतो. खोल बोअर मारल्याने तो वाढत नाही. शेजारच्या विहिरीचे पाणी तेवढे खाली उतरते.

सरकारच्या नळयोजनेचे माप माणशी दिवसाला 55 लिटर. म्हणजे जेमतेम चार हंडे.

हजार माणसांच्या गावाला वर्षाला त्या मापाने सुमारे 2 कोटी लिटर लागतात. पिणे, रांधणे, धुणे, अंघोळ, सगळे धरून.

उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत, पावसाचे धरून, साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा घेऊ. दोन हजार मिलिमीटर. एका हेक्टरवर ते 2 कोटी लिटर होते.

एक हेक्टर ऊस. हजार माणसांचे वर्षभराचे पाणी.

दोन्ही आकडे एका कागदावर, एकाखाली एक लिहा. मग सांगा, ताण कोणाचा आहे.

ऊस लावणारा आमचा शत्रू नाही. बोअर मारणाऱ्यांत आमचे भाऊबंदही आहेत. पण पाणी किती आहे हे न मोजता जो परवानगी देतो, आणि हंडा रिकामा राहिला की माणसे जास्त झाली म्हणतो, त्याच्याशी आमचे बोलणे आहे.

आता माणसे मोजण्याबद्दल.

दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे बरोबर, भांडी बरोबर, कोंबड्याही बरोबर. ट्रक दक्षिण गुजरातेत जातो. मागे म्हातारी माणसे राहतात आणि कुलपे राहतात.

ज्यांच्या गावाला एप्रिलमध्ये झिऱ्यावर बसावे लागते, तीच माणसे हिवाळाभर दुसऱ्याचा ऊस तोडतात.

15 नोव्हेंबर 2022 रोजी जगाची लोकसंख्या 800 कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. पुढच्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. मोठी चर्चा झाली. त्या नोव्हेंबरात आमचे कोयते ट्रकमध्ये चढत होते. त्या चर्चेत ते कोणाला दिसले नाहीत.

गेली जनगणना 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या दिवसांत झाली. ऊसतोडीचा ऐन हंगाम.

नियम असा की माणूस मोजणीच्या सगळ्या काळात बाहेर असेल, तर तो जिथे आहे तिथे धरला जातो. आमची माणसे तेव्हा उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत होती. ती तिथे मोजली गेली की राहून गेली, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आमच्या गावच्या आकड्यात ती नव्हती, एवढे आम्हाला पक्के माहीत आहे.

त्या वर्षी होळी 19 मार्चला होती. होळीला सगळे परत आले. प्रगणक येऊन गेले होते.

त्या आकड्यावर पुढचे सगळे बेतले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचा इष्टांक त्या आकड्यावर. आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही जनगणनेच्या आकड्यावर. अंगणवाडीचेही तसेच.

2021 ची जनगणना झालीच नाही.

2011 ला लहान असलेली पोरे आता मोठी झाली. काही सासरी गेली. रेशनवर नाव चढवायला गेले की आजही एकच वाक्य ऐकू येते. इष्टांक संपला.

एका टेबलावर आम्ही जास्त. दुसऱ्या टेबलावर आम्ही नाहीतच.

दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. तुम्ही ठरवा. लेखी ठरवा.

आता तिसरी मागणी.

उपकेंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला आहे. कुटुंब लहान ठेवा, असा त्याचा अर्थ. त्याच्या शेजारी दार आहे. दाराला कुलूप आहे. कुलपावर गंज आहे.

त्रिकोणाचा रंग दोनदा नवा दिला गेला. कुलूप तेच आहे.

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. शंभर वर्षे उलटली. आमच्या पाड्यावरच्या बाईला तांबी बसवायची असेल, तर आजही मजुरी बुडवून, गाडीभाडे देऊन दूर जावे लागते. तिथेही त्या दिवशी कोणी असेलच असे नाही. गोळ्या संपलेल्या असतात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनची पुढची तारीख उसाच्या फडात उलटून जाते.

ती परत येते. पुढच्या वर्षी पाळणा हलतो. मग कागदावर लिहिले जाते, लोक ऐकत नाहीत.

या राज्याने आमच्यासाठी कायदे मात्र वेळेवर केले.

1976 मध्ये विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या आणीबाणीच्या एका वर्षात देशभर 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्ट होते. ते गरिबांवर भरून काढले. जुनी माणसे अजून नसबंदीला नेणाऱ्या त्या गाडीची गोष्ट सांगतात. सरकारी दवाखान्याची भीती तिथून बसली. ती घालवायला कोणी आले नाही.

2001 पासून नियम आहे. तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते.

नियम पाड्यापर्यंत पोचला. नर्सबाई पोचली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 च्या पाहणीत, महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतो. म्हणजे हे राज्य त्याच्याही खाली आले. सक्तीने आले नाही. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, दवाखाना जवळ आला, जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली. म्हणून आले.

आमच्या मुलींना यातले काय मिळाले?

ऊसतोडीला आईबरोबर गेलेली मुलगी सहावीत शाळेतून सुटते. कोपीवर धाकट्यांना सांभाळते. वयात आली की फडावर एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचे लग्न उरकतात. अठराच्या आत तिच्या कडेवर मूल असते. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तिच्यासाठीच आहे. तिला तो कोणी सांगितलेला नाही.

ही आमचीही चूक आहे. आमच्या वाट्याची चूक आम्ही दुरुस्त करत आहोत. तुमच्या वाट्याची तुम्ही करा.

निसर्गाची मर्यादा आम्ही आधीच सोसली आहे. दुसऱ्यांच्या वाट्याचीही सोसली.

उकाई धरण 1972 मध्ये झाले. धरण गुजरातचे. फुगवट्याचे पाणी आमच्या भागात शिरले.

सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली 33 गावे आली. नर्मदेकाठची माणसे डोंगरातून उठली. काही तळोद्याच्या वनजमिनीवर आणून बसवली. तिथले जंगल गेले. 1979 च्या लवादाने महाराष्ट्राला नर्मदेचे पाव दशलक्ष एकर फूट पाणी दिले. आमचे हंडे त्या आकड्याची वाट पाहत आहेत.

शहराला वीज लागली, आम्ही जागा दिली. कारखान्याला ऊस लागला, आम्ही हात दिले.

मर्यादा सगळ्यांना सारखी लावा. मग आम्हालाही लावा. आम्ही ना म्हणणार नाही.

आम्ही सुरुवात केली आहे.

साक्री तालुक्यातले बारीपाडा आमच्यापासून लांब नाही. तिथल्या आदिवासी गावाने नव्वदच्या दशकापासून आपले उजाड जंगल राखले. झाड तोडणाऱ्याला दंड बसवला. दंड गावानेच वसूल केला. जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी राहिले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला ते पाहून पीक ठरवले. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, असे ठरवले आणि पाळले.

दोन्ही गावांत माणसे राहतात. माणसे राहूनही पाणी राहते, हे त्यांनी दाखवले.

तोच रस्ता आम्ही धरला आहे. राखायच्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी. ठरलेल्या भागात चराईबंदी. शाळेतली मुलगी उसाला न्यायची नाही, आजी-काकीकडे ठेवायची. अठराच्या आत लग्न ठरले तर पंच त्या मांडवात जाणार नाहीत.

हे आम्ही तुम्हाला विचारून केले नाही. पुढचेही विचारून करणार नाही.

आमच्या अटी अशा.

एक. गावनिहाय पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती, साठा किती, उपसा किती. प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअर, प्रत्येक मोटारीची अश्वशक्ती. हा ताळेबंद चावडीच्या भिंतीवर लागला पाहिजे. तोवर एकही नवी परवानगी नको.

दोन. भूजलाचा कायदा पाळा. 60 मीटरहून खोल विहिरींवर त्याने बंधन घातले आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या 500 मीटरांच्या आत नवी विहीर घ्यायला 1993 पासून मनाई आहे. कायदा तुमचा. पाळायला आम्ही सांगतो आहोत.

तीन. येती जनगणना 1 मार्च 2027 या तारखेवर धरायची आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. होळी पुन्हा मार्चच्या उत्तरार्धात. स्थलांतरित कुटुंबांची गावनिहाय वेगळी नोंद करा आणि रेशन, अंगणवाडी, उपकेंद्र त्या नोंदीवर ठरवा.

चार. उपकेंद्राचे कुलूप काढा. कायम नर्सबाई नेमा. तांबी, गोळ्या, इंजेक्शन बारा महिने मिळाले पाहिजे. सक्ती नको, उद्दिष्ट नको. बाईने मागितले की मिळाले पाहिजे.

यात कोटींचा प्रकल्प नाही. नवा कायदा नाही. नवे खाते नाही.

मुदत 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत. उत्तर लेखी हवे. सही आणि तारखेसह.

मुदत टळली तर काय होईल, ते आताच सांगतो. नंतर कल्पना दिली नव्हती असे म्हणू नये.

आमच्यातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे. राज्याचे नियम 2014 चे आहेत. आम्ही दोन्ही वाचले आहेत. पोरांनी मोठ्याने वाचले, म्हाताऱ्यांनी ऐकले.

त्या कायद्याने खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. तो दाखला मिळणार नाही.

वाळू आणि मुरूम यांच्या पट्ट्याला आधी शिफारस लागते. ती शिफारस मिळणार नाही.

गावच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते. पाण्याचा ताळेबंद जोडलेला नसेल, तर तो कागद वाचलाही जाणार नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो आम्ही वापरू. पूर्ण वापरू.

मर्यादेबाहेर खोल जाणारी बोअरची गाडी शिवेवर थांबेल. तिला कोणी हात लावणार नाही. समोर बाया बसतील. पंचनामा होईल, फोटो निघतील, तक्रार दाखल होईल. गाडी परत जाईल.

माणसे आणि पाणी आम्ही मोजू. वही तयार आहे, रेघा मारून झाल्या आहेत. घरात माणसे किती, उसाला गेलेली किती, बोअर कोणाचे, किती खोल, मोटार किती वेळ चालते. ती वही गावात उघडी राहील. गरज पडली तर उच्च न्यायालयात जाईल.

जनगणनेवर आम्ही बहिष्कार टाकणार नाही. प्रगणकाला पाणी देऊ, बसायला खाट देऊ. पण फेब्रुवारीत तो पाड्यावर येईल तेव्हा प्रत्येक कुलूपबंद दारावर गेरूने एक आकडा लिहिलेला असेल. या घरात माणसे इतकी. गेली ऊस तोडायला.

दारामागून दार. पाड्यामागून पाडा.

तो आकडा पुसायला तुम्हाला माणसे पाठवावी लागतील. आम्ही पुन्हा लिहू.

या जिल्ह्याला संघटना नवी नाही. 1972 मध्ये शहाद्याच्या भूमिहीन आदिवासींनी अंबरसिंग महाराजांबरोबर उभे राहून गेलेल्या जमिनींचा हिशोब मागितला होता. त्यांच्या हातातही कागदच होते. त्यांची नातवंडे आज आमच्या ग्रामसभेत बसतात.

आम्ही आवाज चढवलेला नाही. रस्ता अडवलेला नाही. इतकी वर्षे कचेरीच्या पायरीवर चपला काढून आत आलो, उभे राहिलो, शिक्का घेऊन परत गेलो. तो संयम झिऱ्यावरच्या बाईचा आहे. ती थांबते, कारण तळातून पाणी येईल याची तिला खात्री असते.

तुमच्याकडून आम्हाला ती खात्री उरलेली नाही.

2 ऑक्टोबरला सकाळी ग्रामसभेत आढ्याची पिशवी खाली उतरेल. तुमचे लेखी उत्तर आले असेल, तर सगळ्यांसमोर वाचून त्या पिशवीत ठेवू.

आले नसेल, तर वही उघडू. पहिले पान त्याच दिवशी भरेल.